शुक्रवारचा आढावा

१० जानेवारी, शुक्रवार. र्युसेल्सहाइम.

आजपासून रोजनिशी. नेमाने. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

आम्ही मॉर्मन चर्चचं ज्येष्ठ जोडपं, मूळचे नगरचे. रिटायर झाल्यावर दीड वर्ष सेवा करायला स्वखर्चाने जर्मनीत आलो. काम असं की सभासदांच्या घरी जायचं, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना धीर द्यायचा. नियम पहिला: जोडीदाराला एकटं सोडायचं नाही. चोवीस तास सोबत. अमेरिकेहून आलेल्या तरण्या पोरांना हे जड जातं. आम्हाला काय त्याचं? लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. आता एसटीत डेपो मॅनेजर असताना मी सकाळी सातला जायचो ते रात्री नऊला यायचो, पण तो तपशील झाला.

नियम दुसरा: दर शुक्रवारी जोडीदार आढावा. समोरासमोर बसायचं, प्रार्थना, मग एकमेकांचे गुण आणि मग जे खुपतं ते मोकळेपणाने. डेपोतल्या मीटिंगा मीच घ्यायचो, त्यामुळे सवय आहे. यमुनेचे गुण दोन सांगितले, सुधारणा अकरा. मग विचारलं, तुझं काही? म्हणाली, काही नाही.

एकही तक्रार नाही! अशी जोडी साऱ्या जर्मनीत शोधून सापडायची नाही.

१२ जानेवारी, रविवार.

चर्चमध्ये मी एल्डर भिंगारदिवे, ही सिस्टर भिंगारदिवे. पोरांना उच्चार झेपत नाही म्हणून ते एल्डर बी म्हणतात. शिस्त म्हणून घरीही सिस्टर अशी हाक मारून पाहिली. हिने लाटणं ओट्यावर ठेवलं. म्हणाली, नगरला दोन नणंदा आहेत माझ्या, तिसरी व्हायची हौस नाही.

विनोदबुद्धी शाबूत आहे. आनंद वाटला.

१६ जानेवारी, गुरुवार.

लिंडनरबाईंकडे. वय शहाऐंशी, चौथ्या मजल्यावर एकट्या, मुलगा कोलोनला आणि फिरकत नाही. यमुना त्यांच्या केसांना खोबरेल लावते. त्या जर्मनमध्ये बोलतात, ही अर्धं जर्मन अर्धं मराठी. दोघी हसतात. मी ऑनलाइन कोर्स केलाय म्हणून मध्ये दुरुस्त्या सांगितल्या. दोघी गप्प झाल्या. तेवढ्यात संधी साधून मी बाईंशी सहनशीलता या विषयावर बोललो. सव्वा तास.

बाईंना झोप लागली. कित्येक दिवसांनी शांत झोपल्या असतील बिचाऱ्या.

१७ जानेवारी, शुक्रवार.

आढावा. मुद्दे: रस्त्यात मागे राहतेस. परक्याच्या घरी मोठ्याने हसतेस. भाजीत मीठ. तिला विचारलं. काही नाही.

हल्ली घरात बोलणं कमी झालंय. अध्यात्मात खोल उतरलं की माणूस अबोल होतो.

२५ जानेवारी, शनिवार.

उणे सहा. पाठ धरली. साडेपाचला अंधार. मी कुरकुर करत नाही.

खालच्या मजल्यावर सुधीर राहतो, नाशिकचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याने आलं घालून चहा केला. आमच्या चर्चमध्ये चहा वर्ज्य. पण यजमानाचं मन मोडणंही बरं नाही. शिवाय अर्धा कप म्हणजे काही चहा नव्हे. नंतरचा अर्धा कप वेगळा धरावा. यमुनेने कोमट पाणी घेतलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सुधीरची बायको सुलेखा म्हणाली, काकूंनी किती पटकन भाषा उचलली, बेकरीत चक्क गप्पा मारत उभ्या असतात! मी हसलो. गेनाऊ गेनाऊ, म्हणजे बरोबर बरोबर, केलं की झालं जर्मन?

३० जानेवारी, गुरुवार.

लिंडनरबाईंनी यमुनेचा हात धरून हळू आवाजात काही सांगितलं. ही लालबुंद. जिन्यात खोदून विचारलं तेव्हा बोलली. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी तू एकटी ये.

साहजिक आहे. जुन्या वळणाच्या बाई, परपुरुषासमोर संकोच वाटतो. परत वर जाऊन त्यांना सोबतीचा नियम नीट समजावून सांगितला. आख, सो, म्हणाल्या, म्हणजे अस्सं होय.

३१ जानेवारी, शुक्रवार.

आढावा. काही नाही.

नंतर स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, कांदा. ओट्यावर कांदा नव्हता. ताटात खिचडी उरलेली, तीही सकाळची.

काळजात चर्र झालं. मला सगळं लक्षात आलं. ही घरच्या ओढीने झुरते आहे. परदेश तिला मानवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.

निर्णय घेतला. मिशनची मुदत सप्टेंबरपर्यंत आहे, पण बायकोपेक्षा मुदत मोठी नाही. मिशन अध्यक्षांना मेल लिहिली. सिस्टर भिंगारदिवे यांना घरची तीव्र ओढ लागली आहे, प्रकृतीही साथ देत नाही, तरी आम्हांस लवकर मोकळं करावं. मी स्वतः इथे वर्षानुवर्षं राहिलो असतो, हेही नमूद केलं. वाचताना माझेच डोळे भरून आले.

तिला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

९ फेब्रुवारी, रविवार.

मुलीला, ऊर्मिलेला, फोनवर बातमी दिली. ती म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? आजच्या पिढीला सरप्राइज म्हणजे काय तेच माहीत नाही.

पाठ बरीच बरी आहे. नगरला पोचल्यावर पहिल्यांदा काय खायचं ते ठरवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

अध्यक्षांचा फोन. अमेरिकन माणूस, फार सौम्य. म्हणाले, एल्डर, माझा गोंधळ झाला आहे. सिस्टर भिंगारदिवे जानेवारीच्या मेळाव्यात मला भेटल्या होत्या. मुदत सहा महिने वाढवून मागत होत्या. तुम्ही दोघं एकदा बोलून घ्या.

भेटली कधी? आम्ही तर सतत सोबत. मग आठवलं. त्या दिवशी पोट बिघडलं होतं, मी पाऊण तास आत होतो.

अर्थात तिने ते माझ्यासाठीच मागितलं असणार. यांना जर्मनी आवडते, मग आपण सोसू. किती ही माया! शुक्रवारी तिला त्या ओझ्यातून मोकळं करतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

आढावा. प्रार्थना मी केली. मेलबद्दल सांगितलं, तिच्या त्यागाबद्दलही बोललो. शेवटी सवयीने विचारलं, तुझं काही?

तिने छातीवरची नावाची पट्टी काढून टेबलावर ठेवली. आणि बोलायला लागली. म्हणाली, अहो, मला घरची ओढ लागलेली नाही. तिथे जाऊन मी काय करणार? तुमचा डबा? इथे ती बाई दर गुरुवारी खिडकीत उभी राहून माझी वाट बघते. माझी वाट आजवर कोणी बघितली नव्हती, जेवायच्या वेळेखेरीज. मला जर्मनीचा कंटाळा आला नाही. सकाळी उठल्यापासून माझं चालणं, बोलणं, हसणं कोणीतरी तपासतंय, त्याचा आलाय. जीव नकोसा होतो.

मी म्हणालो, मग तेव्हाच अध्यक्षांना सांगायचंस, मला एकटीला राहू द्या.

म्हणाली, विचारलं होतं. नवरा असताना बाईला एकटीला मिशन देत नाहीत. विधवेला देतात.

फार वाईट वाटलं. मी विचारलं, मग?

म्हणाली, मग काय. तुमच्यासकट मागितले सहा महिने.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

मेल मागे घेतली. मुदत वाढली.

लिंडनरबाईंच्या जिन्यात पायरीवर बसून लिहितो आहे. बाईंचं दार किलकिलं ठेवलंय, म्हणजे सोबतीचा नियम मोडत नाही. ही व्यवस्था मीच सुचवली, असं म्हणायला हरकत नाही. फरशी गार आहे. आत दोघी हसताहेत, अगदी खदखदून. जर्मन फार भरभर चाललंय, माझ्या कोर्समध्ये एवढं नव्हतं. कशावर हसतात कळत नाही. माझ्यावर नसावं.

आत्ता एल्डर बी असं ऐकू आलं. परत हसल्या.