अण्णांच्या वहीचं पान एक्केचाळीस

३ जून
शाळा सुरू. नववी अ, ४८ मुलं. हेडमास्तरांचा हुकूम: प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने यंदा ‘ऑनलाइन काहीतरी’ करायचं. काय करायचं ते त्यांनाही माहीत नसावं. शिक्षकांच्या ग्रुपवर मी आजवर गुलाबाची फुलं, सुप्रभात आणि निवृत्तीचे हार एवढंच पाहिलंय. त्यातून शिकायचं काय, कपाळ?

वरच्या मजल्यावरची ऋचा भेटली. आमची भाडेकरू, मूळची पुण्याची, इथे एचएसआर भागातल्या कंपनीत नोकरी. म्हणाली, काकू, एक शेअर्ड पेज करून देते, लिंक असेल तो वाचेल आणि खाली लिहील. मी म्हटलं, फळ्यावर येणाऱ्याजाणाऱ्याने लिहिलं तर वर्ग चालेल का? हसली नुसती.

७ जून
पान तयार. त्यावर ठेवायचं काय? ऋचा म्हणते, तुमचं स्वतःचं काहीतरी. माझं स्वतःचं म्हणजे अण्णांची वही.

माझे वडील, वय ८३, बत्तीस वर्षं सातवीपर्यंत गणित शिकवलं. कागदाच्या घड्या घालून भूमिती, एका पानावर एक युक्ती. शिकवायचे कन्नडमध्ये, वही मात्र घरच्या मराठीत. कुणाला देत नाहीत. फार पूर्वी एका सहकाऱ्याने आठ दिवसांसाठी म्हणून नेली आणि निम्मी पानं त्याच्या गाइडमध्ये त्याच्याच नावाने छापून आली. तेव्हापासून वही कुलपात. मला मिळाली तीही शिकवण्यापुरती.

पान १२ चा फोटो टाकला, लिंक शिक्षकांच्या ग्रुपवर दिली. खाली अण्णांचं नाव घातलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

१५ जून
आज मोकळ्या तासाला पान उघडलं आणि बसूनच राहिले.

हुबळीच्या एका बाईंनी पान १२ ची घडी चपातीवर करून दाखवली. नाशिकच्या एका मास्तरांनी वर्तमानपत्रावर, चाळीस पोरं जमिनीवर बसून. उडुपीच्या कुणीतरी सगळं कन्नडात उतरवलं. यातलं एकही माणूस माझ्या ओळखीचं नाही. आणि मी बघत असतानाच एक हिरवी रेघ पुढे सरकू लागली. कुणीतरी कुठेतरी लिहीत होतं. शब्द लिहिला, पुसला, थांबलं, दुसरा लिहिला.

सव्वीस वर्षं वह्या तपासतेय, पण मुलांनी विचार करून झाल्यावरची पक्की प्रत तेवढी माझ्यापुढे येते. विचार चालू असताना आज पहिल्यांदा पाहिला, तोही अनोळखी माणसाचा.

घंटा झालेली कळली नाही. दहावी ब ने गोंधळ घातला म्हणून बोलणी खाल्ली.

२२ जून
तीस पानं टाकून झाली. सकाळी अण्णांनी विचारलं, वही रोज शाळेत का नेतेस? म्हटलं, नववीला लागते. खोटं नाही. खरंही नाही.

२९ जून
पान ४१ टाकलं. माझं लाडकं. कोनाचे तीन सारखे भाग करायची युक्ती: दोन्ही बाजूंवर सारखं अंतर घ्यायचं, टोकं जोडायची, त्या रेघेचे तीन सारखे तुकडे करायचे आणि ते बिंदू कोनाच्या शिरोबिंदूला जोडायचे. झालं. मीही दरवर्षी शिकवते, मुलं टाळ्या वाजवतात.

२ जुलै
पान ४१ खाली कॉमेंट आहे. रेणुका, नववी, भालकीजवळचं गाव, तिच्या बाईंच्या फोनवरून. जशीच्या तशी उतरवते: ‘नमस्कार. मी १२० अंशाचा कोन घेतला. तिन्ही भाग कापून एकमेकांवर ठेवले. मधला मोठा येतो. मधला दुमडला की बाजूच्याएवढा होतो.’ सोबत फोटो.

स्टाफरूममध्ये कात्री घेऊन बसले. ३०, ६०, ३०. मधला चक्क दुप्पट.

लहान कोनात फरक दिसतच नाही. अण्णा फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मावेल एवढा कोन काढायचे. मीही तसाच काढते, त्यांचं पाहून.

आणि मी बी.एस्सी. पट्टी-कंपासने वाटेल त्या कोनाचे तीन सारखे भाग करता येत नाहीत, हे कॉलेजात घोकून परीक्षेत लिहिलंय, मार्क मिळवलेत. ते एका वहीत राहिलं आणि बापाची वही दुसरी. दोन्ही वह्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. धन्य मी.

तीनशेच्या वर लोक पान बघताहेत. खाली अण्णांचं नाव. कॉमेंट पुसून टाकली. एक बोट लावलं, गेली.

४ जुलै
रेणुकाने परत लिहिलंय. ‘बाई, माझी कॉमेंट दिसत नाही. माझं काही चुकलं का?’

दिवसभर तेच डोक्यात. दहावी ब ला दोनदा तेच उदाहरण घातलं. कुणी सांगितलंही नाही.

ऋचाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, ‘काकू, हिस्टरीमध्ये सगळं असतं. तिची कॉमेंट परत आणता येते. पण ती कुणी काढली, हेही तिथे दिसतं.’

५ जुलै
अण्णांना सांगितलं. दोन्ही गोष्टी, एकदम. वही बाहेर गेली आणि पान ४१ चुकलंय.

अण्णांनी कागद मागितला, कात्री मागितली. चष्मा दोनदा पुसला. १२०चा कोन काढला, कापला, दुमडला. परत नवा कागद. चार वेळा केलं. जेवले नाहीत. मला बापाच्या तोंडाकडे बघवेना.

६ जुलै
सकाळी कॉफी घेताना बोलले. आधी, किती वर्षं शिकवलं मी हे? मग, इतक्या पोरांत एकानंही मोठा कोन घेतला नाही? वहीबद्दल अवाक्षर नाही. त्या मुलीला काय उत्तर दिलंस, विचारलं. मी कॉमेंट पुसल्याचं सांगितलं.

कप खाली ठेवला. ‘चूक झाकलीस? माझ्या नावानं? सुमे, जिथं पेन्सिल द्यायची तिथं तू खोडरबर चालवलंस.’

ही पेन्सिल म्हणजे अण्णांचा नेम. मास्तरांची चूक दाखवेल त्याला सगळ्या वर्गासमोर एक लाल-निळी पेन्सिल, आणि मास्तरांनी उभं राहून ती द्यायची. नोकरी लागली तेव्हा एक डझन आणली होती. बत्तीस वर्षांत चार गेल्या. चौघांचीही नावं त्यांना पाठ आहेत. मला एकही मिळाली नव्हती, लहानपणी त्यावरून रडलेय.

७ जुलै
रेणुकाची कॉमेंट परत आणली. खाली अण्णांनी सांगितलं तसं लिहिलं: ‘चूक माझी. तुझं बरोबर. कॉमेंट माझ्या मुलीनं काढली, तिचंही चुकलं. पेन्सिल पाठवतो.’ हे लिहिताना अण्णा उभे होते. मी म्हटलं, बसा की. म्हणाले, ‘सरी, बसतो. लिहून होऊ दे आधी.’

मग बसले आणि म्हणाले, आता बाकीची पानं दाखव. चपाती पाहिली, नाशिकची पोरं पाहिली, उडुपीचं कन्नड वाचून दोन शब्द बदलायला लावले. हिरवी रेघ सरकू लागली तशी बोट लावायला गेले. ‘हा आत्ता लिहितोय? आत्ता?’ तासभर फोन सोडला नाही. कुलपातल्या वहीला एवढी माणसं मिळाली, म्हणाले. मी उठून आत गेले.

९ जुलै
पेन्सिल तिच्या शाळेच्या पत्त्यावर, बाईंच्या नावे रवाना. बनशंकरीच्या पोस्टात अण्णा स्वतः आले, काठी टेकत.

१९ जुलै
पोचली. भालकीच्या बाईंनी फोटो टाकलाय, वर्गासमोर दिल्याचा. पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोक काढलेली. खाली रेणुका: ‘आजोबा, पान ६३ मध्येपण काहीतरी आहे असं वाटतं. अजून सापडलं नाही. शोधतेय.’

पान ६३ मी आत्ता तीनदा वाचलं. मला सगळं बरोबर दिसतं. पण माझ्या दिसण्यावर कोण विश्वास ठेवणार?

अण्णा सकाळपासून टेबलाशी. कागदाचे तुकडे जमिनीवर. पेन्सिलींचा डबा उघडाच, सात उरल्यात. मला हाक मारली: ‘तिला लिही, सापडलं तरी स्वल्प थांब. मीपण शोधतोय.’

लिहिलं. दुपारचे तीन वाजले, ताट झाकून ठेवलंय. दोघांकडूनही अजून काही नाही.