लाडकीचा कंद

५ नोव्हेंबर २०१८
दुपारी झरी गावापलीकडच्या पाड्यावरून बोलावणं. पोरं ओकतायत, घसा जळतोय, डोकं गरगरतंय. दोन मोठी माणसंही तशीच. ओआरएस पाजलं, दोन पोरांना जीपने तलासरीच्या रुग्णालयात धाडलं. डॉक्टरांना फोन — संशयित अन्नविषबाधा. "सिस्टर, अंगणवाडीची खिचडी असणार. नमुना घ्या." नमुना कसला! पातेलं घासूनपुसून उपडं घातलेलं.

खिचडी शिजवते मदतनीस भिकी. म्हणते कशी, "खिचडीचंच लिवा, बाय." स्वतःची नोकरी घालवायला निघालेली बाई पहिल्यांदाच पाहिली.

६ नोव्हेंबर
घरोघर विचारलं, काल काय काय खाल्लंत? सगळीकडे एकच — खिचडी. पण भिकीची सासू लाडकी कोपऱ्यात पडलेली, ओठ सुकलेले. ती तर खिचडीला शिवतही नाही!
"आजी, सणाचा कंद खाल्लास?"
भिंतीकडे तोंड फिरवलं.

दिवाळीचा कडू कंद सगळ्या पाड्यासाठी तीच करते. चकत्या राखेच्या पाण्यात उकळायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या. वाहतं पाणी कडूपणा घेऊन जातं, नाहीतर कंद बाधतो. तिच्या हातचा आजवर कुणाला बाधला नव्हता. पुन्हा दारोदार फिरून कंदाचं विचारलं, तेव्हा लोक बोलले — रविवारी रात्री घरोघर वाटला, उरलेला सोमवारी सकाळी खाल्ला. खिचडी न खाल्लेलेही आजारी, हे आज कळलं.

७ नोव्हेंबर
कंद म्हणून कळवलं. डॉक्टर वैतागले — "खिचडी लिहिली असती तर मिटलं असतं." मिटलं असतं, आणि पुढच्या दिवाळीला एखादं पोर गेलं असतं.

८ नोव्हेंबर
पोरं घरी आली. पाड्यात बायका बोलतात, लाडकीच्या हाताचा गुण गेला. मला बघून तिने पदर तोंडावर ओढला. वाईट वाटलं. फार.

९ नोव्हेंबर
ओहोळावर गेले. वरच्या अंगाला वाळूच्या पोत्यांचा नवा बंधारा. खाली उंबराच्या झाडापाशी, टोपलीच्या नेहमीच्या जागी, पाणी ठप्प. पान टाकलं, हललंही नाही.

१० नोव्हेंबर
भिकी आपणहून आली. सासूला गुडघ्यांनी उंबरठा ओलांडवत नाही, म्हणून यंदा टोपली तिने नेली.
"पाणी थांबलेलं दिसलं मला."
"मग बंधाऱ्याच्या वर, वाहत्या पाण्यात का नाही ठेवलीस?"
"आईनं उंबरापाशी सांगितलं व्हतं. आईची जागा मी कशी बदलू? म्हणून म्हटलं व्हतं, खिचडीचं लिवा. आता पाड्यात तिचं नाव गेलं माझ्यापायी."
पाण्याचं कळवायलाच हवं. अहवालात भिकीचं नाव घालू की नको — उद्या ठरवते.

११ नोव्हेंबर
लाडकीला सगळं सांगितलं. तिचा हात चुकला नव्हता, हेही. भिकी दारात, मान खाली. म्हातारीने सुनेला हात करून आत बोलावलं.
"पाण्याचं पाड्याला सांग, बाय. आन् लिव — टोपली मीच नेली व्हती."