पागातलं शिसं

आये,

तुला जाऊन आता पस्तीस वर्षं झाली. ट्रेनिंगला रत्नागिरीला होते तेव्हा मी पत्र पाठवायची, ते शेजारच्या घरातलं कुणीतरी तुला वाचून दाखवायचं. त्यामुळे मी त्यात खुशालीपलीकडे काही लिहीत नसे. हे पत्र कुणी वाचून दाखवायचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मालवणच्या शाळेत लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्या वाडीतली मी पहिलीच मास्तरीण. त्या वर्षी घाटावरून नवे हेडमास्तर आले. इतिहासाचे मोठे वेडे. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात रोमच्या ग्लॅडिएटरांचं चित्र होतं. हजारो लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांशी लढायला लावलेले गुलाम ते. चित्रातल्या एकाच्या डोक्यावर शिरस्त्राण, हातात ढाल-तलवार. दुसऱ्याच्या हातात जाळं आणि त्रिशूळ. गॅदरिंगला हीच लढाई करून दाखवायची, असं सरांनी ठरवलं आणि सामान जमवायचं काम माझ्याकडे दिलं. म्हणाले, "बाई, चित्रात आहे तसंच दिसलं पाहिजे. पण कुणाला साधं खरचटलं तरी चालणार नाही."

दोन्ही गोष्टी एकदम साधणं किती अवघड असतं ते मला महिनाभरात कळलं. तलवार सावंतवाडीहून आणली, खेळणी करतात त्या हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची. शिरस्त्राण बाजारातल्या पत्रेवाल्याने रॉकेलच्या डब्याचं करून दिलं. त्याच्या कडा मी दोनदा परत पाठवून दुमडून घेतल्या आणि आतून सावरीचा कापूस लावला. त्रिशूळ बांबूचा केला, टोकांना चिंध्या गुंडाळल्या. राहिलं जाळं. चित्रातलं जाळं हुबेहूब आपल्या पागासारखं, एकट्या माणसाने खाडीत फेकायचं, गोल. तसा पाग आपल्याच घरात खुंटीवर होता. बाबा तापाने गेल्यापासून चार वर्षं तू त्याला कुणाला हात लावू दिला नव्हतास. तू मासे विकायला बाजारात गेलीस तेव्हा मी तो काढून नेला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, अशी माझी खात्री होती.

पहिल्याच तालमीत जाळेवाल्या मुलाने पाग भिरकावला आणि काठाचा शिशाचा गोळा दुसऱ्याच्या भुवईवर बसला. शिरस्त्राण तेव्हा घातलेलं नव्हतं. रक्त आलं नाही, पण डोळा सुजून मिटला. मी घरी येते तर तू पडवीत उभी, नजर रिकाम्या खुंटीकडे.

"पाग खंय आसा?"

"शाळेत नेलाय." त्या दिवसांत मी घरातही शाळेसारखंच बोलायला लागले होते.

"माका इचारलंस?"

मग मी सगळं सांगितलं, सुजलेल्या डोळ्यासकट. तू ओरडली नाहीस. खाली बसलीस. म्हणालीस, "तुझ्या बापाशीन तो माशांक टाकूक ठेवलेलो गो, माणसांक न्हय. बोटभर खाली बसलो असतो तर पोराचो डोळो गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी पाग परत आणला. जाळं रद्द करा म्हणून सरांना सांगणार होते. शिसं काढून पाहिलं असतं, तर पाग उघडलाच नसता, ओल्या फडक्यासारखा पायाशी पडला असता. तू मात्र विळी घेऊन बसलीस आणि काठाचा एकेक गोळा कापून काढू लागलीस. मी नको म्हटलं. तू मान वर न करता म्हणालीस, "वजन व्हया, पण कठीण नको." जुन्या लुगड्याच्या चिंधीच्या बोटभर पिशव्या शिवल्यास, त्यांत चिंचोके भरलेस आणि त्या काठाला जवळजवळ ओवल्यास. दोन दिवस गेले त्यात. बाजार तू एकदाच चुकवलास.

तिसऱ्या दिवशी, बाजार उरकल्यावर, तू शाळेत येतेस. माशांची पाटी कुंपणाबाहेर ठेवतेस, मी सांगितलेलं नसताना. पोरं पाग फेकतात आणि तो उघडत नाही. तू काष्टा घट्ट करतेस, पागाचा काठ बादलीत बुडवतेस, दोरी मनगटाला बांधतेस. "फेकूचो नसता रे, उघडूचो असता," म्हणतेस आणि कमरेतून वळतेस. पाग हवेत थाळीसारखा पसरतो आणि शिरस्त्राणवाल्या मुलावर अलगद बसतो. तुला पाग टाकता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लहानपणी भावाबरोबर खाडीत टाकायचीस, हे पुढे मावशीने सांगितलं.

हेडमास्तर ओसरीवरून बघत होते. खाली आले आणि मला विचारलं, "या कोण?"

मी म्हटलं, "आमच्या वाडीतल्या एक बाई आहेत. त्यांना पागाचं कळतं."

आपल्या वाडीतली दोन मुलं तिथे होती. ती खाली बघू लागली. तू चार हातांच्या अंतरावर उभी होतीस. तू कचेरीत बोलायचीस तसं जपून जपून म्हणालीस, "होय सर. शेजारीच राहते मी." मग पाटी उचलून निघून गेलीस.

गॅदरिंग छान झालं. पाग उघडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणाला काही लागलं नाही. तू आली नव्हतीस. घरी आल्यावर तू एवढंच विचारलंस, "पोरांक लागला नाय मां?" मी नाही म्हटलं. "बरा झाला," म्हणालीस आणि मला वाढलंस. सरांना मी दिलेल्या त्या उत्तराबद्दल तू पुढे कधी बोलली नाहीस आणि मीही विषय काढला नाही. आज काढू उद्या काढू करत तू गेलीस.

परवा शाळेच्या जुन्या मुलांनी मला बोलावलं होतं. सगळ्यांचे केस पिकलेले. ज्याचा डोळा सुजला होता तो उठून म्हणाला, बाई, ती जाळ्याची गोष्ट सांगा. मी ती पूर्वीही पुष्कळदा सांगितली आहे, शाळेत, लग्नाघरी, नातवंडांना. सांगून सांगून ती मला चांगली जमते. वाडीतली ती दोन मुलं आता नाहीत, त्यामुळे मध्ये कुणी काही बोलत नाही. परवाही मी नेहमीसारखीच सांगितली. त्या गोष्टीत, आये, चिंचोके भरायचं मला सुचलेलं असतं.