अंगणात उरलेली लाकडं

मुडबी, मंगळवार, संध्याकाळ

अप्पांचा अंत्यविधी झाला. बसवकल्याणहून मी विकत आणलेली लाकडं मात्र अंगणात तशीच पडून आहेत. बापाचं शेवटचं तरी आपल्या पगारातून व्हावं, इतकंच मनात होतं. वस्तीची रीत विसरलो होतो, की आठवत असून टाळली?

सकाळी घराघरांतून एकेक लाकूड आलं, सोबत जमतील तसे पैसे. मी हात जोडून नको म्हणालो. शेजारची शांताक्का बाभळीचं खोड डोक्यावर घेऊन उभीच राहिली.

"कामून नको म्हणायलास? माझे मालक गेले तवा तुझ्या अप्पानं लाकूड आणलं. मी नको म्हटलं का? आता आम्ही कुठं फेडावं, मास्तर?"

मी बाजूला झालो. अप्पा वस्तीच्या लाकडांवर गेले. पैसेही घेतले. हे देणं होतं की मदत, अजून कळत नाही.

परतताना शांताक्काला विचारलं, "माझ्या लाकडांचं काय करू?"

"ऱ्हाऊ दे की. एक माझ्यासाठी ठेव. पण उचलून तूच आणायचं."

व्हय म्हणालो. परवा कलबुर्गीला नोकरीवर जायचं आहे. अक्काची वेळ येईल तेव्हा मी इथं असेन का?