राहते घर आणि धाकट्याची फुप्फुसे

मी, खाली सही करणार, वयाने उताराला लागलेली, अविवाहित, धंदा फुप्फुसांच्या रोगांवरील संशोधन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कोणाचेही अनुदान न घेता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला शेजारच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर देतील. आमच्याकडे त्यांना शंकासुर म्हणतात. माझ्या प्रत्येक निबंधावर "लेखिकेचा तर्क लंगडा" असा शेरा मारण्यात त्यांची हयात गेली. आता माझी अक्कल ठिकाणावर असल्याचे त्यांना सहीनिशी लिहून द्यावे लागेल. एवढ्या आनंदासाठीसुद्धा मी मृत्युपत्र केले असते.

त्यांनी मसुदा दोनदा परत पाठवला. पहिल्यांदा "माझ्या मृत्यूनंतर" या शब्दांपाशी लाल शाईत विचारले होते, "याला आधार काय?" हा तिसरा मसुदा.

१. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधला वरचा कप्पा माझ्या सहकारी बाईंना द्यावा. शंकासुरांचे डबे तिथे घुसलेले दिसल्यास खुशाल बाहेर काढावेत. शंकासुर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. केवढी सोय झाली!

२. काढ्याच्या सर्व बाटल्या मावसबहिणीला परत कराव्यात. एकही उघडलेली नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांपायी मला दमा जडला, तेव्हापासून ती "प्रतिकारशक्ती वाढव गं" म्हणत माझ्या मागे लागली आहे. अगं बाई, ती शक्ती नको तिथे जोर दाखवते म्हणूनच तर हा दमा! उंदराच्या केसाला शत्रू समजून शरीर घरातच मारामारी करते, त्याला आम्ही दाह म्हणतो. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

३. राहते घर धाकट्या भावाला, म्हणजे गुंड्याला. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आमच्या धंद्यात रोग्यांशी तुलना करायला निरोगी माणसे लागतात, आणि ती मिळेनात की आम्ही नातेवाईक पकडतो. गुंड्या छाती काढून आला. "मी ठणठणीत, ताई!" मिठाच्या पाण्याचे तुषार हुंगायला लावून त्याचा बेडका काढला. फुप्फुसात झाडलोट करणाऱ्या पेशी असतात, येईल ते गिळतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्याच्या पेशींच्या पोटात काळे-तपकिरी ठिपकेच ठिपके.

"सिगारेट ओढतोस?"

"छे गं! मित्र ओढतात, मी नुसता शेजारी उभा असतो."

"मग खिशात लायटर कशाला?"

"मित्र विसरतात ना आणायला."

आलेखात हा निरोगी इसम थेट रोग्यांच्या घोळक्यात जाऊन बसला. शंकासुरांनी त्यावरून माझा निबंध नापास केला.

पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती: दर महिन्याला बेडका तपासावा, स्वच्छ निघाला तरच घर. शंकासुरांचा शेरा: "हा दुसऱ्याचा बेडका आणून देईल." खरे आहे, गुंड्या तसलाच आहे. दुसऱ्या मसुद्यात अट आणखी कडक केली. त्यावर शेरा: "बाई, घर मिळणार तुम्ही गेल्यावर. तोवर हा टिकेल याला पुरावा काय?"

ते वाचून मी हा तिसरा मसुदा लिहायला घेतला. कारण पुरावा उलटाच आहे. गुंड्या, माझ्याकडे जिना चढून येताना तू मधल्या मजल्यावर थांबतोस. विचारले तर म्हणतोस, "बुटाची नाडी सुटली होती." चपलांना नाडी नसते, गुंड्या.

म्हणून सगळ्या अटी रद्द. घर तुझेच, बिनशर्त. मला फार भीती वाटते रे, एवढेच सांगायचे होते. लहानपणापासून प्रत्येक रांगेत मला ढकलून पुढे घुसलास. या रांगेत मोठी मी आहे. इथे घुसलास तर याद राख.

लिहून देणार: ताई (सही)

स्थळ: प्रयोगशाळा, फ्रीझरसमोरचे टेबल. दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच.

साक्षीदार पहिले, शेजारचे डॉक्टर (सही): यांची बुद्धी शाबूत आहे. तर्क बिनतोड. दुरुस्ती नाही. शेवटचे कलम वाचताना चष्मा पुसावा लागला. कारण तपासलेले नाही.

साक्षीदार दुसऱ्या, खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई (सही): चपलांचे मी स्वतः पाहिले आहे. हा मसुदा वाचून गुंड्याने लायटर माझ्याकडे ठेवायला दिला. तासाभराने परत मागायला आला. दिला नाही.