पाकिटातले सहा फोटो

अहो,

मी सुखरूप आहे, नातू गोड आहे. बीपीची गोळी घेताय ना?

पहिल्यांदा येणाऱ्यासाठी लिहिते. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवावा. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघावं.

आणि व्हिसाचा अर्ज स्वतः भरावा. बाळाची दुपटी शोधताना आपल्या लेकाच्या कपाटात तुम्ही पाठवलेलं पाकीट सापडलं. शेजाऱ्यांचा कोट घालून काढलेले सहाही फोटो तसेच आहेत. तुमचा अर्ज नामंजूर झालाच नव्हता. त्याने तो दिलाच नाही.

विचारलं तर म्हणाला, "बाळाला सांभाळायला तू एकटी पुरे होतीस, आई."

महिनाअखेरीस मी परत येतेय. पाच फोटो आणते. सहावा त्याच्या फ्रीजवर चिकटवलाय. रोज दूध काढताना बाप दिसू दे.

तुमचीच,
घरची