जुलैचं पाणी

१४ ऑगस्ट २०१६, रवि.
पुन्हा तेच स्वप्न. घरभर घोट्याएवढं स्वच्छ पाणी, आणि मी त्यातून सावकाश चालत चहा करायला चाललेय. भीती अजिबात नाही. जाग आली तर पाय खरंच गार, ओवीने रजई पळवलेली. तेरा वर्षांची घोडी झाली तरी रविवारी आईच्या अंथरुणात शिरते. बोलते मात्र इंग्रजीतून.

दुपारी झऱ्यावर. किवींच्या देशातल्या या पुकेकोहे गावात सहा वर्षं झाली, तरी रमणभाईंच्या कांद्याच्या शेतामागचा हा झरा अजून कुणीतरी कानात सांगितल्यासारखा वाटतो. पाणी जमिनीतून वर येतं आणि आवाज करत नाही. तासभर बसले. घरी आल्यावर नवरा, श्री., म्हणाला, "काय करतेस गं तिथे?" काही नाही. म्हणून तर जाते.

२३ ऑगस्ट, मंगळ.
मी नोकरी करते त्या लायब्ररीत एक जाडजूड फाइल आली. कौन्सिलने लोकांना वाचायला ठेवलीय. एका अमेरिकन कंपनीला आपला झरा बाटल्यांत भरायचाय, पस्तीस वर्षं. "आपला" लिहिलं खरं. माझ्याकडे इथला पासपोर्टही नाही. पण कायम राहायची परवानगी मिळाली की इथे मत देता येतं, म्हणजे थोडा माझाही असणार.

दिवसभरात फाइल कुणी उघडली नाही. एका बाईंनी तिच्यावर पर्स ठेवली.

२५ ऑगस्ट, गुरु.
जेवणाच्या सुट्टीत वाचत होते. पान २१४. पाणी किती आहे त्याची चाचणी, आणि खाली सही. श्री.ची. ती सही मी गृहकर्जाच्या कागदांवर पाहिलीय, ओवीच्या प्रगतिपुस्तकावर पाहिलीय.

‘ते रापा’ गावातल्या त्याच्या फर्मला पाण्याचं काम मिळालंय एवढंच मला ठाऊक होतं. रात्री विचारलं.

"तू मला सांगितलं नाहीस?"
"सांगायची परवानगी नव्हती, जयू."
"आणि चाचणी फक्त जुलैत?"
"कंपनीने जुलैत सांगितली, जुलैत केली. लिहिलंय ना तिथे? लपवलं काहीच नाही."

खरंय. लपवलं नाही. इथे ऋतू उलटे, जुलै म्हणजे भर हिवाळा; सगळं शिवार निथळत असताना मोजलं आणि तसं बारीक अक्षरात लिहिलं. रमणभाई म्हणतात, फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात झरा बोटाएवढा होतो, त्यावर त्यांचे कांदे कसेबसे तगतात. श्री. जेवला नाही नीट. मीही रागाने वाढलं होतं.

२९ ऑगस्ट, सोम.
ताईचा फोन, ओहायोहून. ती आता तिथली नागरिक, नोव्हेंबरात पहिलं मत देणार. तिच्या गावच्या नळाला तीन वर्षं वास येतोय. सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, कंपनीचा वकील घड्याळ बघत बसतो. "सरकार म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते आम्ही नियमात आहोत. आणि नियम लिहिताना बाजूला कोण बसलं होतं, ते विचारायचं नाही." मग म्हणाली, "आम्ही उशिरा जागे झालो गं. सगळ्यांना वाटलं, दुसरं कुणीतरी वाचत असेल."

१० सप्टेंबर, शनि.
माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती. मी पुण्याची, सह्यांच्या मोहिमा बघत वाढलेली. जितक्या सह्या तितकं वजन! रात्री जागून कौन्सिलच्या निवेदन-अर्जावर विरोधाचं झकास इंग्रजी पत्र लिहिलं होतं, त्याच्या पन्नास प्रती प्रसादाच्या टेबलावर. आरती, मोदक, सही, या क्रमाने. अडतीस कुटुंबांनी भरून दिलं. एका काकांनी विचारलं, "सुनावणीत बोलायचंय का, असा चौकोन आहे. काय करू?" म्हटलं, नाहीवर खूण करा, तुम्हाला कशाला त्रास. फक्त माझ्या प्रतीवर मी हो केलं, ऐटीत.

मोटरवेवरून परत येताना डोळा लागला. श्री. गाडी चालवत होता. त्याने पत्र वाचलं नाही. विचारलंही नाही.

२१ सप्टेंबर, बुध.
ओवीच्या शाळेत पोहण्याच्या तलावाला छप्पर मिळणार. देणार कोण, तर कंपनी. पोरांना टोपी आणि टॉवेलही. ओवी म्हणाली, "They're actually really nice, Aai. Heaps of kids signed a thank-you card." तूही केलीस? "Everyone did."
मला तिच्यावर चिडता येईना. मीही मोदक देऊनच सह्या घेतल्या होत्या.

२८ सप्टेंबर, बुध.
कौन्सिलचं पत्र, अतिशय सभ्य. एकाच मजकुराची अडतीस निवेदनं आली, ती एकच धरली आहेत. बोलण्याची इच्छा एकाच अर्जदाराने दर्शवली आहे, त्यांना दहा मिनिटं. नोव्हेंबर १७.

म्हणजे अडतीस घरांचं मिळून मी एक. वर त्यांची तोंडंही मीच बंद केली. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत, मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या असत्या तर अडतीस झाली असती. रडू आलं, मग हसू आलं, मग पुन्हा रडू.

३ ऑक्टोबर, सोम.
श्री.ला साहेबाने बोलावलं. निवेदनावरचं आडनाव बघून विचारलं, "Any relation?" श्री. म्हणाला, "My wife." साहेब म्हणाला, "Right." एवढंच. श्री.ने तो "Right" मला तीनदा करून दाखवला, तीन वेगळ्या सुरांत. कुठला खरा ते त्याला आठवत नव्हतं.

मग चहाचा कप धुता धुता म्हणाला, "तू बोल. पण माझा आकडा खोटा आहे असं म्हणू नकोस. खोटा नाहीये तो."
"अर्धा आहे."
त्याने धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला.

१६ ऑक्टोबर, रवि.
झऱ्यावर. वसंत म्हणे, पण पायाला हिवाळाच लागतो. रमणभाई बांधावर भेटले. तिसरी पिढी इथली, गुजराती मोडकी, इंग्रजी पक्की किवी. सांगत होते, त्यांच्या वडिलांचे केस कापायला इथला न्हावी नकार द्यायचा. "Dad never said a word, eh. Cut our hair himself, sixty years." त्यांनी निवेदन दिलंय का? नाही. "You'll say it nice, sister."
कसलं नाइस! सगळे आपापलं तोंड माझ्याकडे ठेवायला देतायत.

पाण्यात हात घातला. बोटं दुसऱ्याच कुणाची दिसतात त्यात. श्री.ची नोकरी गेली तर हे घर जाईल, ओवीची शाळा सुटेल. आणि गप्प बसले तर श्री.कडे नीट बघता येईल का मला? भीती वाटते. दोन्हींची.

९ नोव्हेंबर, बुध.
पहाटे सहाला ताईचा फोन, मतदानाच्या रांगेतून. मागे लोकांचा गलका. "एक तास झाला उभी आहे. निकाल काय लागायचा तो लागो, पण मजा येतेय गं." पन्नाशीची बाई, शाळकरी मुलीसारखी हसत होती. फोन कानाशी धरून मीही स्वयंपाकघरात उभी राहिले, तिच्या रांगेत असल्यासारखी. तिचं नाव पुकारेपर्यंत.

१७ नोव्हेंबर, गुरु.
झालं.

छोटा हॉल. समोर तीन आयुक्त, डावीकडे कंपनीचं टेबल. वकील, साहेब, टोकाला श्री., मीच इस्त्री केलेल्या शर्टात. पत्र वाचलंच नाही. आधी अडतीस कुटुंबांची नावं वाचली, सावकाश, एकेक. त्यात तीन मिनिटं गेली. कुणी थांबवलं नाही. मग एकच विचारलं. पान २१४ वर पाणी मोजलंय, ते हिवाळ्यातलं. उन्हाळ्यातला आकडा कुठे आहे?

आयुक्त बाईंनी पान काढलं. कंपनीच्या टेबलाकडे वळून विचारलं, उन्हाळ्यात मोजलं होतं का? वकील उठला, म्हणाला, अशा प्रकरणी प्रचलित पद्धतीप्रमाणे...

"No," श्री. म्हणाला. बसल्या जागेवरून. "Only July. It should be done again in February."

साहेबाने मान वळवली नाही. मला वाटलं मी पुन्हा स्वप्नातच आहे, फक्त पाय कोरडे होते. इतका आवडला मला तो त्या क्षणी, की लाज वाटली.

निर्णय नंतर कळवणार. परतताना गाडी श्री.च चालवत होता. घराच्या वळणावर तो म्हणाला, "नावं छान वाचलीस."

२१ नोव्हेंबर, सोम.
आज श्री.ला साहेबाने बोलावलंय. मी रजा टाकलीय. रमणभाईंचा निरोप आला, उशिरा का होईना पत्र पाठवलं म्हणे, स्वतःच्या हाताने लिहून. आता ते धरतील की नाही कोण जाणे.

श्री. सकाळी जाताना बूट घालत म्हणाला, "नेहमीसारखा उशीर झाला तर काळजी करू नकोस. लवकर आलो तर मात्र..." आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला वाकला.

दुपारचे अडीच. बाहेर गाडी थांबली. कुरिअरची असेल. दार उघडायला उठते.